परक्या मजुराची मजुरी आणि घरच्या मजुराचा हक्क : अमेरिकन शेतीतील एका नियमाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ सप्टेंबर २०२१. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर परगण्यात सहा कृष्णवर्णीय शेतमजुरांनी आपल्या मालकाविरुद्ध दावा दाखल केला. ट्रॅक्टर आणि इतर यंत्रे चालवण्यासह शेतातील सर्व कामे करूनही आपल्याला तासाला ७.२५ डॉलर मिळतात, आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या गोऱ्या चालकांना मात्र त्याच कामाचे २०२० मध्ये ११.८३ डॉलर मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते.

२/ हे प्रथमदर्शनी उफराटे वाटते. परदेशी मजूर स्वस्त पडतो म्हणूनच आणला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. येथे परका महाग आणि घरचा स्वस्त! या कोड्याचे उत्तर एका वेतननियमात दडलेले आहे. तो घरच्या मजुराच्या रक्षणासाठीच जन्माला आला होता. त्याची कथा सुरू होते १९३८ मध्ये.

३/ त्या वर्षी रूझवेल्ट सरकारने न्याय्य श्रममानक कायदा संमत करून घेतला. अमेरिकेत प्रथमच देशव्यापी किमान वेतन ठरले : तासाला २५ सेंट. परंतु शेतमजुरांना त्यातून वगळण्यात आले. दक्षिणेकडील शेतमजुरांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता आणि तेथील लोकप्रतिनिधींच्या मतांवाचून कायदा पुढे सरकत नव्हता, याकडे अनेक इतिहासकार लक्ष वेधतात.

४/ चार वर्षांनी युद्ध आले. तरुण आघाडीवर गेले, उरलेले कारखान्यांकडे वळले आणि शेते ओस पडतील अशी ओरड मळेवाल्यांनी केली. ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. त्यातून उभी राहिलेली योजना ‘ब्रासेरो’ या नावाने ओळखली जाते. ‘ब्रासो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू. ब्रासेरो म्हणजे बाहुबळावर राबणारा.

५/ करारातील वेतनाची अट मुळातून समजून घेण्याजोगी आहे. त्या भागात तशाच कामाला स्थानिक मजुराला जे मिळते ते मेक्सिकन मजुराला द्यावे आणि कोणत्याही स्थितीत तासाला ३० सेंटपेक्षा कमी देऊ नये. शिवाय या मजुरांचा उपयोग स्थानिकांना हटवण्यासाठी किंवा रूढ मजुरी पाडण्यासाठी करता येणार नाही, हेही करारात नमूद होते.

६/ यातील विसंगती पाहा. मेक्सिकन पाहुण्याला ३० सेंटांची लेखी हमी. त्याच्या शेजारच्या सरीत राबणाऱ्या अमेरिकन मजुराला कायद्याने एका सेंटाचीही हमी नाही. मेक्सिकोच्या सरकारने आपल्या नागरिकांसाठी वाटाघाटी केल्या होत्या. अमेरिकन शेतमजुरासाठी वाटाघाटीला बसणारे कोणी नव्हते.

७/ योजना युद्धापुरती होती, पण चालली बावीस वर्षे. १९५१ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९५६ च्या सुमारास वर्षाला चार लाखांहून अधिक मजूर येऊ लागले. १९६४ अखेर योजना संपली तेव्हा एकूण करारांची संख्या ४५ लाखांच्या पुढे गेली होती. (एकच माणूस अनेकदा येई, म्हणून माणसे त्याहून कमी.)

८/ मग ‘रूढ मजुरी’ ठरवणार कोण? खरी मेख येथेच होती. हंगामापूर्वी मळेवाल्यांच्या संघटना बैठक घेत, आपण किती मजुरी देणार हे आपसांत ठरवीत आणि तोच आकडा सरकारदरबारी ‘रूढ मजुरी’ म्हणून नोंदला जाई. त्या दरात स्थानिक मजूर आला नाही, की ‘मजुरांची टंचाई’ सिद्ध! मग परदेशी मजूर मागवायला वाट मोकळी.

९/ थोडक्यात, जो आकडा मजुरीचे रक्षण करणार होता तो मजुरी गोठवण्याचे साधन झाला. अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या स्थलांतरित श्रमिक आयोगाने १९५१ मध्येच या पद्धतीवर बोट ठेवले होते. तरीही त्याच वर्षी योजनेला कायदेशीर रूप मिळाले.

१०/ कागदावरची मजुरी आणि हातात पडणारी मजुरी यांतील अंतर जगापुढे मांडणाऱ्यांत एर्नेस्तो गालार्सा यांचे नाव अग्रभागी येते. मेक्सिकोत जन्मलेले, बालपणी कॅलिफोर्नियात आलेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले हे गृहस्थ शेतमजूर संघटनेचे काम करीत. मजुरांच्या छावण्यांत हिंडून, पगाराच्या चिठ्ठ्या तपासून त्यांनी १९५६ मध्ये ‘स्ट्रेंजर्स इन अवर फील्ड्स’ हा अहवाल सिद्ध केला.

११/ त्यांना आढळले ते असे : पाऊस पडला किंवा माल पिकला नाही, की दिवस वाया, जेवणाचे मात्र रोज १.७५ डॉलरपर्यंत कापले जाणार. कराराची प्रत मजुराजवळ असली तरी तिचा आधार घेऊन तक्रार करण्याचे धाडस कोण करणार? मालक नाराज झाला की परतीची वाट आणि पुढच्या वर्षी यादीत नाव नाही.

१२/ आणखी एक कपात होती. आरंभीच्या वर्षांत मजुरीतील १० टक्के रक्कम ‘बचत’ म्हणून कापून मेक्सिकोतील बँकांकडे पाठवली जाई. असंख्य मजुरांना ती कधीच मिळाली नाही. अखेर २००५ मध्ये मेक्सिकोने वयोवृद्ध ब्रासेरोंना भरपाई देण्यासाठी निधी उभारला. तोवर कितीतरी जण निवर्तले होते.

१३/ १९६० च्या नाताळाआधी सीबीएस वाहिनीने एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा शेतमजुरांवरील माहितीपट दाखवला आणि मध्यमवर्गीय अमेरिका अस्वस्थ झाली. १९६२ पासून केनेडी सरकारच्या कामगार खात्याने नवी युक्ती काढली. मळेवाल्यांनी ठरवलेली ‘रूढ मजुरी’ बाजूला ठेवून खात्यानेच राज्यवार दर जाहीर केले.

१४/ या दराला नाव मिळाले ‘प्रतिकूल परिणाम वेतनदर’. नाव बोजड, कल्पना सोपी : परदेशी मजूर आल्यामुळे स्थानिक मजुरीवर प्रतिकूल परिणाम होऊ नये यासाठी द्यावयाचा किमान दर. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियात तासाला १ डॉलर, तर टेक्ससमध्ये ७० सेंट होता. टेक्ससमधील ब्रासेरोंची संख्या त्यानंतर झपाट्याने घसरली. स्वस्ताईची हमी संपताच मागणीही ओसरली.

१५/ पण मजुरी आपोआप वाढली का? क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर नकारार्थी आहे. ब्रासेरो ज्या राज्यांत मोठ्या संख्येने होते तेथील मजुरी, ते नसलेल्या राज्यांपेक्षा वेगाने वाढली नाही. जेथे यंत्र उपलब्ध होते तेथे मळेवाल्यांनी ते आणले. जेथे नव्हते तेथे पीक घटवले.

१६/ टोमॅटोचे उदाहरण प्रसिद्ध आहे. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राचा मार सोसणारे, एकाच वेळी पिकणारे टोमॅटो वाण घडवले आणि कोबी लॉरेन्झन यांनी ते तोडणारे यंत्र. १९६४ पर्यंत त्याला फारसे कोणी विचारीत नव्हते. दशक संपता संपता कॅलिफोर्नियातील प्रक्रियेचा जवळजवळ सर्व टोमॅटो यंत्राने काढला जाऊ लागला.

१७/ आता नायक बदलतो. खुरपे आणि टोपली घेतलेल्या मजुराची जागा यंत्रचालक घेतो. गव्हाच्या पट्ट्यात हे आधीच घडले होते. १९४४ मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीने ५०० स्वयंचलित हार्वेस्टर मैदानात उतरवले. टेक्ससपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत पिकत्या गव्हामागोमाग उत्तरेकडे सरकणाऱ्या, भाड्याने कापणी करणाऱ्या टोळ्यांचा व्यवसाय त्या काळात फोफावला. आज त्या टोळ्यांत परदेशी चालक मोठ्या संख्येने दिसतात.

१८/ मिसिसिपीच्या डेल्टातही १९४४ हेच वर्ष महत्त्वाचे. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढील दोन-तीन दशकांत हाताने कापूस वेचणारी लाखो कृष्णवर्णीय माणसे शेतातून बाहेर फेकली गेली आणि बरीच उत्तरेच्या शहरांकडे गेली. जे मागे राहिले त्यांच्यासाठी ट्रॅक्टरवरची बैठक ही डेल्टातील शेतीत उरलेली त्यातल्या त्यात बरी नोकरी होती.

१९/ शेतमजुराला किमान वेतनाच्या कायद्यात जागा मिळाली ती १९६६ च्या दुरुस्तीने, तीही फक्त मोठ्या शेतांवर. म्हणजे ब्रासेरोला १९४२ मध्ये मिळालेली लेखी हमी अमेरिकन शेतमजुराला मिळायला चोवीस वर्षे लागली. तोवर ब्रासेरो योजना इतिहासजमाही झाली होती.

२०/ परदेशी मजुराचा मार्ग मात्र बंद झाला नव्हता. १९५२ च्या कायद्यातील ‘एच-टू’ व्हिसावर फ्लोरिडात ऊसतोडीसाठी जमैकन मजूर येतच होते. १९८६ मध्ये त्याचे विभाजन होऊन शेतीसाठी ‘एच-टू-ए’ हा वेगळा व्हिसा झाला. १९८७ पासून प्रतिकूल परिणाम दर कृषी खात्याच्या पाहणीतील सरासरी मजुरीवरून ठरू लागला.

२१/ नियम असा : मालकाने प्रतिकूल परिणाम दर, रूढ मजुरी, सामूहिक कराराचा दर आणि किमान वेतन यांतील जो आकडा सर्वांत मोठा तो द्यावा. निवास विनामूल्य. करारातील किमान तीन-चतुर्थांश कामाची हमी. आधी स्थानिकांना जाहीर आवाहन. आणि सर्वांत महत्त्वाचे : तेच काम करणाऱ्या स्थानिक मजुरालाही परदेशी मजुराइतकीच मजुरी.

२२/ आता सनफ्लॉवर परगण्याकडे परतू. २०१४ मध्ये डेल्टातील हा दर ९.८७ डॉलर होता, २०२० मध्ये ११.८३. दाव्यानुसार दक्षिण आफ्रिकी चालकांना तो मिळत होता. स्थानिकांना मात्र ७.२५, शनिवार-रविवारी ८.२५. शिवाय नवागतांना काम शिकवायला आम्हालाच लावले आणि मग आमचेच काम काढून घेतले, असाही त्यांचा आरोप होता.

२३/ मालक महागडा परका का पत्करतो? त्याचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. हंगाम अर्धवट टाकून त्याला दुसरीकडे जाता येत नाही. त्याच्या वेतनावर सामाजिक सुरक्षा कर भरावा लागत नाही. डेल्टात याला वर्णभेदाचीही जोड होती, असे दावा करणाऱ्यांचे म्हणणे. प्रकरण डिसेंबर २०२२ मध्ये तडजोडीने मिटले. परगण्याचे मुख्य गाव इंडियानोला. फॅनी लू हॅमर १९६२ मध्ये मतदार नोंदणीसाठी तेथेच गेल्या होत्या आणि त्यापायी मळ्यावरचे घर-काम गमावून बसल्या होत्या.

२४/ मळेवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सरासरी मजुरीलाच किमान मजुरी केले की पुढच्या वर्षीची सरासरी आणखी चढते. मेक्सिकोतून येणाऱ्या स्वस्त भाजीशी स्पर्धा करताना हे झेपत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तरी मागणी वाढतीच आहे : २००५ मध्ये मंजूर जागा सुमारे ४८ हजार, २०२३ मध्ये पावणेचार लाखांवर.

२५/ यंत्रचालकावरून तर वेगळाच वाद पेटला. २०२३ च्या नियमाने ट्रॅक्टरचालकाला शेतमजुरांच्याच गटात ठेवले. पण तोच माणूस धान्याचा अवजड ट्रक हाकणार असेल, तर ट्रकचालकाचा चढा दर लागू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये लुइझियानातील संघीय न्यायालयाने हा नियम रद्द केला. ऑक्टोबरमध्ये खात्याने कौशल्याच्या दोन पायऱ्या करणारा आणि मोफत निवासाचे मूल्य दरात धरणारा अंतरिम नियम आणला. शेतमजूर संघटनेने त्यालाही न्यायालयात आव्हान दिले.

२६/ दर किती असावा यावर अमेरिका गेली साठ वर्षे भांडते आहे. हे भांडण महत्त्वाचे आहेच. पण १९५६ चे गालार्सा आणि २०२१ चे ते सहा मजूर दुसऱ्याच प्रश्नाकडे निर्देश करतात : ठरलेला दर हातात पडतो की नाही, हे पाहायला शेताच्या बांधावर कोण येते? डेल्टात समान मजुरीची अट कायद्यात होतीच. ती वाचून न्यायालयाची पायरी चढणारे सहा जण निघाले, तेव्हा ती जागी झाली.

२७/ म्हणून पुढच्या वेळी ‘परदेशी मजुरांनी स्थानिकांची मजुरी पाडली’ किंवा ‘परदेशी मजुरांचे वेतन फार चढे’ असे विधान कानी आले, तर एक प्रश्न अवश्य विचारा : त्याच शेतात, त्याच यंत्रावर बसणाऱ्या घरच्या माणसाच्या पगारपत्रकावर कोणता आकडा आहे?

(समाप्त)