लेव्होडोपाची कुळकथा

कंपवाताचा माणूस घरात असला की घरातलं घड्याळ गोळीच्या वेळांवर चालतं. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत शर्टाचं बटण लागत नाही, चहाचा कप ओठांपर्यंत धड पोचत नाही. या गोळीतलं मुख्य द्रव्य म्हणजे लेव्होडोपा. ते सापडलं शेंगेत, आणि सापडल्यावर ४४ वर्षं त्याचं काय करायचं हे कुणालाच कळलं नव्हतं.

१९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, रॉश कंपनीच्या मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानं बाकल्याच्या शेंगांतून ते वेगळं काढलं. अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं आणि त्याला जोराच्या उलट्या झाल्या. औषध म्हणून त्यात काही दम दिसेना. पुढे १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांना तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत सापडलं. पावसाळ्यानंतर रानात फिरताना अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा करते, तीच ही वेल. आयुर्वेदातली कपिकच्छू. पण बी हाती असलं, तरी त्याचा मेंदूशी काय संबंध हे कोडं तसंच राहिलं.

ते सुटलं दुसऱ्याच एका वनस्पतीमुळे, आणि इथं मुंबईचा धागा येतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ साली, पुन्हा बाझलमध्येच, सिबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं निघालं. स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी १९५७ साली ते सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे शेंगेतलं तेच द्रव्य, टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे हालचाल करू लागले.

या शोधाला पुढे, २००० साली, नोबेल मिळालं. मला मात्र त्यातलं कारण जास्त मोलाचं वाटतं. रिसर्पिन मेंदूतला डोपामिन या रसायनाचा साठा रिकामा करतं. बाहेरून डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही, मेंदूचा पहारा त्याला अडवतो. डोपा हा त्याचा आधीचा टप्पा. त्याला आत वाट मिळते, आणि आत गेल्यावर तिथलंच एक विकर त्याचं डोपामिन करतं.

१९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवातानं गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामिन फारच कमी उरलं होतं. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी रुग्णांना डोपाची इंजेक्शनं दिली. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, काही चालू लागली. परिणाम काही तासांचाच होता. रोज तोंडानं घ्यायचा उपचार उभा राहिला तो अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांच्या चिकाटीमुळे. त्यांनी मात्रा अगदी थोडी ठेवून हळूहळू वाढवली आणि १९६७ साली निकाल छापले. पुढे जोडीला कार्बिडोपा आलं. डोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच होऊ नये, हे त्याचं काम. गुगेनहाइमला झाला तो उलट्यांचा त्रास त्यानं बराच कमी केला.

तरी ही गोळी तूट भरते, झीज थांबवत नाही. मेंदूतल्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतच राहतात. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन वेडंवाकडं दुमडून पेशींत गोळा होतं, हे १९९७ पासून स्पष्ट होत गेलं. ती साखळी तोडण्यावर आज संशोधन चालू आहे, पण झीज थांबवणारं सिद्ध औषध अजून हाती आलेलं नाही.

आपल्याकडे कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांचं, चूर्ण सहज मिळतं. त्यात डोपा खरंच असतं, पण किती, हे प्रत्येक पुडीत बदलतं. गोळ्या चालू असताना ते वर घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते आणि अंग नको तसं हलू लागतं. घरात कुणी असं चूर्ण घेत असेल, तर पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टना तेवढं नक्की सांगा.