पेटीच्या बारा पट्ट्या

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस मयूर विहाराची वस्ती गेल्या चार-पाच दशकांत वाढली. तेथील मराठी बिऱ्हाडात मुलांना गाण्याची गोडी लागावी म्हणून आज जे वाद्य आणले जाते, ते बहुधा हार्मोनियम नसते. विजेवर चालणारा कीबोर्ड असतो. तो कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, पुष्कळ लोक त्याला नुसते ‘कॅसिओ’ म्हणतात. डाव्या हाताने तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात, की ताल, खर्ज आणि गिटार अशी सारी साथ आपोआप उभी राहते. काही वर्षांनी नवा नमुना निघतो. आवाजांची संख्या वाढते, पडदा मोठा होतो. गाणाऱ्याची तक्रार मात्र तीच राहते. यमनाचा गंधार हवा तेथे लागत नाही, मींड निघत नाही, आणि साथ गाण्याच्या मागे न येता गाण्यालाच आपल्या मागे ओढते. ही तक्रार या यंत्राहून पुष्कळ जुनी आहे.

हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये तिचा हक्क नोंदवला. ती पायांनी भाता चालवण्याची होती. आपल्याकडे बैठकीत मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी झाली, आणि त्यात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीचे नाव प्रथम घ्यावे लागते. महाराष्ट्रात संगीत नाटकाने या वाद्याला घरोघर पोचवले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तर पेटी साथीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसवली. पण वाद्य बदलले तरी सप्तकाची वाटणी युरोपीयच राहिली. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग मानले, तर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत बरोबर शंभर भागांचे अंतर पडते. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार षड्जापासून चारशेवर येतो. तंबोऱ्याच्या जुळलेल्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो मात्र तीनशे शहाऐंशीवर असतो. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. कानाला तसा वाटत नाही.

हा फरक दूर करण्याचा पहिला मोठा मराठी प्रयत्न सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. जन्मभर सरकारी कामात मोजमापाची सवय झालेल्या माणसाने उतारवयात स्वरांची मोजणी मांडावी, यात एक संगती आहे. तारांच्या लांबीवरून त्यांनी श्रुतींची अंतरे काढली, अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यावर ती ताडून पाहिली, आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी न्यायाधीश त्यांचे सहकारी झाले. सप्तकात बाराहून अधिक सूर असलेली श्रुती-हार्मोनियम त्यांनी लंडनच्या मूर या कारागिराकडून बांधवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती जाणकारांपुढे मांडण्यात आली. पण त्यांची मान्यता तिला मिळाली नाही.

या अपयशाचे खापर देवलांच्या गणितावर फोडणे सोपे आहे. खरी अडचण वाद्याच्या बांधणीत होती. पितळी सूर एकदा घासून बसवला की तो एकाच षड्जाशी इमान राखतो. आज गाणारा काळी एकमध्ये गाईल, उद्या गाणारी काळी चारमध्ये. षड्ज हलला की मोजून बसवलेल्या सगळ्या श्रुती विसकटतात. शिवाय गवय्याचा कोमल गंधार रागागणिक आपली जागा बदलतो. बारा पट्ट्यांची पेटी सर्वांशी थोडी थोडी अप्रामाणिक असते, म्हणूनच ती सर्वांच्या कामी येते.

तिच्यावर सर्वांत कठोर प्रहार दिल्लीहून झाला. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लेख लिहिला, आणि लायनेल फील्डन यांच्या कारकीर्दीत १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याची सूत्रे १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांकडे होती. त्यांच्याही कारकीर्दीत बंदी उठली नाही. ती सैल झाली १९७१ मध्ये, आणि तीही मर्यादित प्रमाणात. तीस वर्षांच्या या शिक्षेने पेटीचा एक सूरही सुधारला नाही. बाहेर मैफलीत, कीर्तनात आणि रंगभूमीवर ती वाजतच राहिली, आणि वादकांची बोटे पट्ट्यांमधल्या फटी कणस्वरांनी व भात्याच्या दाबाने बुजवीत राहिली.

विजेवरचे वाद्य आले तेव्हा देवलांची अडचण मुळातच नाहीशी झाली होती. येथे पितळ घासायचे नसते. स्वर म्हणजे एक आकडा असतो, आणि षड्ज बदलला की बाकीचे आकडे क्षणात बदलता येतात. कॅसिओचा पहिला कीबोर्ड १९८० मध्ये बाजारात आला. निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ पद्धत १९८३ मध्ये रूढ झाली. यामाहाच्या डीएक्स ७ या वाद्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९८७ च्या सुमारास, स्वरांची सूक्ष्म जुळणीही करता येऊ लागली. म्हणजे सांगलीच्या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर चार दशकांपूर्वीच तयार होते.

तरीही ते मयूर विहारातल्या मुलाच्या बोटांखाली का येत नाही? कारण स्वयंचलित साथीचा सारा डोलारा स्वरसंघातावर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या मेळावर उभा आहे. कोणत्याही पट्टीतून कोणत्याही पट्टीत विनाअडथळा जाता यावे म्हणून त्या मेळाला समान अंतरांचीच वाटणी सोयीची पडते. राग स्वरसंघाताच्या वाटेने चालत नाही. तो एका षड्जाभोवती फिरतो. मींडेसाठी चाक दिलेले असते, ते बहुधा डाव्या बाजूस. आणि डावा हात तर साथीच्या पट्ट्या धरून बसलेला! तालाचीही तीच गत. भारतीय ग्राहकांसाठी काढलेल्या नमुन्यांत तबल्याचा आवाज आणि कहरवा-दादऱ्याचे ठेके आले, पण ठेका चक्रासारखा फिरतो, समेवर गायकाची वाट पाहत नाही.

निर्मात्यांना अन्य संगीताचे वावडे आहे असेही नव्हे. अरबी संगीतासाठी यामाहाने पीएसआर-ए मालिका काढली. कोर्गने आपल्या वाद्यांवर पाव स्वर उतरवण्याची बटणे समोरच बसवली, वादकाला ती वाजवता वाजवता दाबता यावीत म्हणून. तेथील वादकाला पाव स्वराशिवाय मकाम वाजवताच येत नाही, आणि त्यावाचून तो वाद्य विकत घेणार नाही. आपण घेत आलो. बारा पट्ट्यांशी शतकभर जुळवून घेतलेल्या कानांनी बाजारात वेगळे काही मागितले नाही. श्रुतींची जुळणी वाद्याच्या पोटात, चार यादी उलगडल्यावर सापडेल अशा ठिकाणी पडून राहिली.

एतद्देशीय प्रयत्न झाले ते निराळ्या बाजूंनी. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेवरचा तंबोरा घडवला आणि तो गायकांच्या घरोघर गेला. मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळ जोडून तिला ‘संवादिनी’ म्हटले. आणि देवलांचा धागा पुन्हा उचलला तो व्यवसायाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनी. त्यांच्या पेटीत षड्ज व पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती. पट्टीची खुंटी ओढली की त्या दोहोंपैकी हवी ती बोलू लागते. राग सुरू करण्यापूर्वी वादक आपल्या खुंट्या लावून घेतो, जसा सतारिया पडदे सरकवून घेतो. ही पेटी अजून भात्यावरच चालते.