स्मिता पाटील : एका अभिनेत्रीची कारकीर्द आणि तिची खानदेशी पार्श्वभूमी

१

खानदेशाच्या इतिहासलेखनात नटनटींच्या चरित्रांना सहसा स्थान मिळत नाही. फारुकी राजवट, १८१८ नंतर बसलेली इंग्रजी अंमलाची घडी, भिल्लांचे उठाव, कापसाचा व्यापार, १९०६ मधील पूर्व व पश्चिम खानदेश अशी जिल्ह्याची विभागणी आणि १९३६ चे फैजपूर येथील काँग्रेस अधिवेशन हे विषय अभ्यासकांस परिचित आहेत. रंगभूमी व चित्रपट ह्यांचा विचार मात्र रसिकांच्या आठवणींवर सोपविला जातो. स्मिता पाटील (१९५५–१९८६) ह्यांच्याविषयीचे पुष्कळसे लेखन अशाच स्वरूपाचे आहे. त्यांच्या अकाली मृत्यूची हळहळ त्यात इतकी मोठी होते, की त्यांच्या कारकिर्दीमागील सामाजिक कारणपरंपरा झाकली जाते.

ह्या कारणपरंपरेचा शोध घेताना दोन प्रश्न उपस्थित होतात. स्मिता पाटील ह्यांचा खानदेशाशी असलेला संबंध नेमका कोणत्या स्वरूपाचा होता, हा पहिला प्रश्न. अभिनयाच्या व्यवसायात स्त्रीने ज्या वाटेने प्रवेश करावयाचा, ती वाट त्यांच्या काळापर्यंत कशी व किती बदलली होती, हा दुसरा. वरवर भिन्न दिसणारे हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

२

स्मिता पाटील ह्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला, आणि त्यांचे शिक्षण पुणे व मुंबई येथे झाले. खानदेशात त्यांची कारकीर्द घडली नाही. तेव्हा ‘खानदेशकन्या’ असे बिरुद लावून त्यांच्यावर हक्क सांगणे इतिहासाच्या दृष्टीने ढिलेपणाचे ठरेल. संबंध आहे तो घराण्याचा. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले हे तालुक्याचे गाव. शिवाजीराव स्वातंत्र्यसैनिक होते. पुढे सहकार व राजकारण ह्या क्षेत्रांत त्यांनी काम केले, राज्याच्या मंत्रिमंडळात ते होते आणि १९९२ ते १९९८ ह्या काळात राज्यसभेचे सदस्य होते. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आई विद्याताई ह्या समाजकार्यकर्त्या होत्या.

ह्या घराण्याचे वळण समजून घ्यावयाचे तर १९३० ते १९४७ ह्या काळातील खानदेश डोळ्यांपुढे आणावा लागतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यापूर्वी साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरचे; त्याचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. ह्या घटनांमुळे खानदेशातील शेतकरी कुटुंबांतून सार्वजनिक कार्याची ओढ असलेली एक पिढी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ह्या पिढीतील कित्येकांनी शिक्षणसंस्था, सहकारी संस्था व विधिमंडळ ही आपली कार्यक्षेत्रे केली.

स्मिता पाटील ह्यांना वारशाने मिळाले ते हे वातावरण. लहानपणी त्या राष्ट्र सेवा दलाच्या सहवासात वाढल्या. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संघटनेने कलापथकाच्या द्वारे गाणी, नाट्य व लोककला ह्यांना प्रबोधनाचे साधन बनविले होते. निळू फुले व दादा कोंडके ह्यांसारखे नट ह्याच कलापथकाच्या परंपरेतून पुढे आले. रंगमंचावर उभे राहणे म्हणजे समाजाशी बोलणे होय, हा संस्कार अशा घरातील मुलीस व्यवसाय म्हणून अभिनय पत्करण्याच्या पुष्कळ आधी मिळालेला होता.

३

ह्या संस्काराचे महत्त्व पूर्वीच्या अभिनेत्रींशी तुलना केल्यावर ध्यानी येते. मराठी व्यावसायिक संगीत रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत. त्या परंपरेचे शिखर म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या बालपणातील काही काळ जळगावात गेला, आणि तेथील जुन्या खुल्या नाट्यगृहास त्यांचेच नाव दिलेले आहे. ज्या काळी बालगंधर्वांच्या पदरावरून व केशरचनेवरून सुशिक्षित घरांतील स्त्रिया आपला पेहराव ठरवीत, त्याच काळी त्या स्त्रियांपैकी कोणी स्वतः रंगभूमीवर जाणे लाजिरवाणे समजले जाई. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनी भूमिका केल्या, तेव्हा त्यांच्या मागे उपजीविकेची निकड होती. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटातील दुर्गा खोटे सुखवस्तू व सुशिक्षित घराण्यातील होत्या. परंतु त्यांचाही ह्या व्यवसायातील प्रवेश सासरच्या आर्थिक ओढगस्तीमुळे झाला.

हंसा वाडकर (मृत्यू १९७१) ह्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कलावंतिणींच्या घराण्याचा वारसा आणि घरची गरज ह्या दोहोंमुळे त्या कोवळ्या वयात चित्रपटात आल्या. १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’पासून त्यांची कारकीर्द सुरू झाली. ‘संत सखू’, ‘रामजोशी’ आणि १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ ह्या चित्रपटांनी त्यांना कीर्ती दिली. पण मिळवती असूनही स्वतःच्या मिळकतीवर व आयुष्यावर अधिकार नसलेल्या स्त्रीची व्यथा त्यांच्या वाट्यास आली. ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव असलेले त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन अरुण साधू ह्यांनी केले होते.

वरील तिन्ही उदाहरणांत स्त्रीला अभिनयाकडे नेणारे कारण घरची अडचण हे आहे. स्मिता पाटील ह्यांच्याबाबतीत ही अडचण नव्हती. त्यांच्या प्रवेशाची कारणे घराबाहेर, स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या संस्थांत शोधावी लागतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि तेथे त्या मराठी बातम्या देऊ लागल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी अरुण खोपकर ह्यांच्या ‘तीव्र मध्यम’ ह्या पदविका-लघुपटात त्यांनी काम केले. दूरदर्शनवर त्यांना पाहून श्याम बेनेगल ह्यांनी त्यांना ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ (दोन्ही १९७५) ह्या चित्रपटांसाठी निवडले. ह्याच सुमारास जब्बार पटेल ह्यांच्या ‘सामना’तही त्या दिसल्या.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, मोहन आगाशे हे त्या वेळचे नट रंगभूमीवरून चित्रपटात आले. स्मिता पाटील आल्या त्या कॅमेऱ्यासमोर बातम्या वाचण्याच्या कामातून. बातमी देणाऱ्यास हातवारे वर्ज्य असतात. नजर स्थिर आणि आवाज संयत ठेवावा लागतो. रंगभूमीवरील अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो, तर कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी निकट असतो. त्यांच्या अभिनयातील मितभाषी बळाचे काही श्रेय ह्या उमेदवारीस द्यावयास हरकत नाही.

४

१९७६ च्या ‘मंथन’ची निर्मिती गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन केली. सहकारी दूधसंस्थेच्या स्थापनेतून गावात उफाळणारा जातिसंघर्ष हा त्याचा विषय. त्यातील बिंदू ही गावातील कष्टकरी स्त्री स्मिता पाटील ह्यांनी उभी केली. वडिलांची हयात ज्या सहकारी चळवळीच्या धामधुमीत गेली, त्या चळवळीची आशा व मर्यादा मुलीने पडद्यावर साकार केली, हा योग केवळ कौतुकाचा नाही. ग्रामीण भागात सहकाराने निर्माण केलेली नवी सत्ता कोणाच्या हाती गेली, हा ‘मंथन’मधील प्रश्न खानदेशच्या अभ्यासकासही परका नाही.

‘भूमिका’ (१९७७) हा हंसा वाडकर ह्यांच्या आत्मकथनावर आधारलेला चित्रपट. त्यातील उषेच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील ह्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्रींच्या दोन पिढ्या ह्या चित्रपटात समोरासमोर येतात. घरच्या सक्तीने नटी झालेल्या स्त्रीचे जीवन स्वेच्छेने नटी झालेली स्त्री उभे करते. नवरा, आश्रयदाता व निर्माता ह्यांच्या घरांतून फिरत राहूनही उषेस स्वतःचे घर सापडत नाही. ही शोकांतिका तिच्या स्वभावदोषापेक्षा व्यवस्थेतून उद्भवते, हे स्मिता पाटील ह्यांनी आक्रस्ताळेपणा टाळून दाखविले. पूर्वीच्या नटीचे आयुष्य इतिहासाची सामग्री म्हणून वाचण्याची ही दृष्टी लाभण्यास त्यांच्या पिढीला सार्वजनिक जीवनातून मिळालेले शिक्षण उपयोगी पडले असले पाहिजे. मृणाल सेन ह्यांच्या १९८० च्या ‘आकालेर संधाने’मध्येही त्यांनी चित्रपट-अभिनेत्रीचीच भूमिका केली. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावर चित्रपट काढावयास खेड्यात आलेल्या मंडळींची ती कथा आहे.

मराठीत गो. नी. दांडेकर ह्यांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’ (१९७७) मध्ये त्यांनी ठाकर समाजातील चिंधी रंगविली. जयवंत दळवी ह्यांच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘चक्र’ ह्या हिंदी चित्रपटातील झोपडपट्टीवासी अम्मा ह्या भूमिकेने त्यांना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. शांता निसळ ह्यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला जब्बार पटेल ह्यांचा ‘उंबरठा’ १९८२ चा; त्याची पटकथा विजय तेंडुलकर ह्यांची. त्यातील सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षिका होण्यासाठी घराबाहेर पडते, परत आल्यावर तिला घरात जागा उरलेली दिसत नाही आणि ती पुन्हा निघते. समाजकार्यकर्त्या आईच्या घरात वाढलेल्या अभिनेत्रीस ही भूमिका अनोळखी नसावी. चित्रपट स्त्रीच्या कर्तृत्वाचा नुसता गौरव करीत नाही; त्या कर्तृत्वाची किंमत कोण मोजते, हेही तो दाखवितो.

केतन मेहता ह्यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. मिरची कुटण्याच्या कारखान्यात आश्रय घेतलेली सोनबाई आणि तिच्या पाठीशी अखेर उभ्या राहणाऱ्या कामकरी स्त्रिया ह्यांची ही गुजरातेतील कथा आहे. दोंडाईचा व नंदुरबार येथील मिरचीच्या बाजारपेठा पाहिलेल्या खानदेशी प्रेक्षकास त्यातील लाल ढिगांचा व त्यांभोवती राबणाऱ्या बायकांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

५

तथापि प्रवेशाची वाट बदलली म्हणून व्यवसायाचे स्वरूप बदलले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. समांतर चित्रपटांचा प्रेक्षकवर्ग मर्यादित होता आणि त्यांतील मोबदलाही अल्प होता. १९८२ मध्ये ‘नमक हलाल’ व ‘शक्ती’ ह्या व्यापारी चित्रपटांत स्मिता पाटील दिसल्या, तेव्हा अनेक चाहत्यांना ते रुचले नाही. ‘चक्र’मधील स्नानाच्या दृश्याचा जाहिरातीसाठी जो उपयोग झाला, तोही वादाचा विषय ठरला. झोपडीतील स्त्रीला आडोसा नसतो हे सांगणारे दृश्य जाहिरातफलकावर चढताच नेमके उलट कार्य करू लागते. भूमिका निवडण्याचे स्वातंत्र्य अभिनेत्रीस मिळाले, तरी तिच्या प्रतिमेच्या विक्रीवर तिचा अधिकार आला नव्हता. हंसा वाडकर ह्यांच्या काळाशी असलेला हा धागा तुटला नव्हता, हे कारकिर्दीचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

१९८५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी पुत्रजन्म झाला आणि प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजारामुळे १३ डिसेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. तेवढ्यात मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, मल्याळम अशा अनेक भाषांतील चित्रपटांत त्यांनी काम केले.

६

खानदेशाच्या इतिहासात ह्या चरित्राचे स्थान ठरविताना जन्मस्थळाचा आग्रह सोडणे इष्ट. एखाद्या प्रदेशातील चळवळी तेथेच संपत नाहीत. त्या माणसांबरोबर शहरांत जातात आणि पुढच्या पिढीत अनपेक्षित रूप घेतात. तापीकाठच्या शेतकरी कुटुंबांत स्वातंत्र्यलढ्याने रुजविलेली सार्वजनिक जबाबदारीची जाणीव एका मुलीच्या बाबतीत अभिनयाच्या रूपाने प्रकट झाली. दुधाची संस्था, झोपडपट्टी, महिलाश्रम, मिरचीचा कारखाना ही त्या अभिनयाची क्षेत्रे त्या जाणिवेची साक्ष देतात. फैजपूर अधिवेशनाचा वृत्तांत आणि ‘उंबरठा’ची पटकथा ही साधने एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवून वाचली जातील, तेव्हा खानदेशातील राष्ट्रीय चळवळीचा इतिहास १९४७ पाशी थांबणार नाही, आणि त्यात घरातील मुलींनाही त्यांचे स्थान मिळेल.