सांस्कृतिक क्षमता (औषधनिर्माणशास्त्र शिक्षण)

रुग्णाची भाषा, आहार, श्रद्धा आणि औषधांविषयीच्या समजुती ओळखून त्याला पाळता येईल असा सल्ला देण्याची फार्मासिस्टची तयारी. अमेरिकेत १९८९ मध्ये टेरी क्रॉस व सहकाऱ्यांच्या पुस्तिकेमुळे ही संकल्पना आरोग्यक्षेत्रात प्रचलित झाली. ही क्षमता मोजता येते का, याविषयी मतभेद आहेत.

आशय. रमजानचे रोजे किंवा एकादशी करणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवणे; पायी वारीत इन्शुलिन उन्हापासून कसे जपावे हे सांगणे; जिलेटिनची कॅप्सूल प्राणिजन्य असते, हे शाकाहारी रुग्णाने विचारल्यास न लपवणे; ‘औषध गरम पडते’ म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकून घेणे.

भारतातील अभ्यासक्रम. औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ मध्ये म. ला. श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुरू केले. १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतरही भर रसायनशास्त्र व औषधनिर्मितीवर राहिला. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी रुग्णसमुपदेशनाला स्थान दिले आणि पदविकेच्या २०२० च्या विनियमांत ‘सोशल फार्मसी’ आली. सांस्कृतिक क्षमता हा स्वतंत्र विषय मात्र नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्य. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ व जागतिक आरोग्य संघटना यांनी २०११ मध्ये उत्तम औषधसेवेची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा सहकार्याचे महाराष्ट्रातील जुने उदाहरण वैद्यकातील आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. सहकारी परतल्यावरही कोटणीस तेथेच राहिले. चिनी भाषा शिकून ते रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलत आणि विद्यार्थ्यांनाही तिच्यातूनच शिकवत. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले.

सोलापूर. मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसीत बल्क ड्रगचे (औषधांच्या मूळ द्रव्यांचे) उत्पादन होते. स्मृती ऑर्गॅनिक्स ही तेथील एक उत्पादक कंपनी. अशा कारखान्यात फार्मसी पदवीधराला शुद्धता, नोंदी व परदेशी औषधकोशांचे निकष यांची जाण लागते. सोलापूर शहरातील औषध दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे रुग्ण येतात. कारखान्यातील कामाची परीक्षा महाविद्यालयात होते. दुकानातील काम बहुधा काउंटरवरच शिकले जाते.

मूल्यमापन. प्रश्नावली, नाट्यरूप सराव, प्रत्यक्ष निरीक्षण.