परस्परतेचे रिकामे कलम : वॉशिंग्टन ते बंगळूर

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधित्व नारायण मल्हार जोशी यांनी केले. या परिषदेने संमत केलेल्या बेकारीविषयक कराराचे तिसरे कलम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ज्या राष्ट्रांत बेकारी विमा अस्तित्वात आहे, त्यांनी आपापसांत अटी ठरवून परस्परांच्या कामगारांना स्वदेशीयांइतकाच लाभ द्यावा, असे ते कलम सांगते. हिंदुस्थानने १९२१मध्ये या कराराला मान्यता दिली आणि १९३८मध्ये ती मागे घेतली. मधल्या सतरा वर्षांत हे कलम हिंदुस्थानपुरते निरर्थकच होते, कारण देशात बेकारी विमाच नव्हता. ‘बेकारी’ आणि ‘विमा’ हे दोन्ही शब्द मराठीने फारसीतून केव्हाच आत्मसात केले होते. त्यांच्या जोडीतून उभी राहणारी संस्था मात्र आली नाही.

हीच उणीव पुढे बंगळूरच्या संगणक अभियंत्यांच्या वाट्याला वेगळ्या रूपात आली. भारताने सामाजिक सुरक्षेचा पहिला द्विपक्षीय करार २००६मध्ये बेल्जियमशी केला. तो २००९मध्ये अमलात आला. तात्पुरत्या नेमणुकीवर गेलेल्या कर्मचाऱ्याची दुहेरी वर्गणी त्याने टळली. परंतु या करारातील लाभ वार्धक्य, अपंगत्व आणि वारसांचे निवृत्तिवेतन एवढ्यांपुरते आहेत. बेकारी भत्त्याला त्यांत स्थान नाही. अमेरिकेशी तर असा करारच झालेला नाही. तेथील निवृत्तिवेतनाला सर्वसाधारणपणे चाळीस तिमाहींची वर्गणी लागते, आणि एच-१बी परवान्याची सामान्य मुदत सहा वर्षांची. दहा वर्षांची अट सहा वर्षांत पुरी होणार कशी? करारासाठी समोरच्या देशाची योजना सर्वसामान्यपणे लागू असलेली हवी, असे अमेरिकी कायदा म्हणतो. भारतातील बहुसंख्य श्रमिक तर भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे घरच्या मजुराला जे मिळाले नाही, त्याची किंमत परदेशी गेलेला अभियंता मोजतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत २००५पासून बेकारी भत्ता आहे खरा; पण वेतनमर्यादेमुळे हा अभियंता तिच्यात बसत नाही.

उलट दिशेने येणाऱ्यांचा प्रश्नही बंगळूरमध्येच न्यायालयात गेला. करार नसलेल्या देशांतून येथे नोकरीस आलेल्यांना २००८पासून वेतनमर्यादेविना भविष्यनिर्वाह निधीत सक्तीने सामील व्हावे लागत असे. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये ही तरतूद समानतेच्या हक्काचा भंग करणारी ठरवून रद्द केली. भारतीय कर्मचाऱ्याला तेव्हा ही सक्ती दरमहा पंधरा हजार रुपयांच्या वेतनापर्यंतच होती.