भाट, मुंडकारघर आणि एक सवंगडी

गोमंतकाच्या मुक्तिलढ्यावरील ग्रंथ बहुधा १९ डिसेंबर १९६१ या दिवशी संपतात. माझ्या आजच्या विषयाचा आरंभ तेथून होतो. पोर्तुगीज सत्ता त्या दिवशी गेली. भाटकार आणि मुंडकार यांचे नाते मात्र गेले नाही. ते सैल व्हावयास पुढची पंधरा वर्षे लागली, आणि त्या वर्षांत माझे बालपण व तारुण्याचा पूर्वार्ध सरला.

मुंडकार कोणास म्हणावे, हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगावे लागते. भाटकाराच्या जमिनीवर, त्याच्या अनुमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. त्याने भाटाची राखण करावी, नारळ उतरवताना हजर असावे, भाटकाराघरच्या लग्नाकार्याला राबावे. भिंती त्याने उभारलेल्या, परंतु खालची माती त्याची नव्हे. छप्पर शाकारावयाचे तरी आधी विचारावे लागे.

माझे वडील अंत्रुज महालातील असेच एक मुंडकार. भाटकारांचा नातू माझ्याच वयाचा. तळीत पोहणे, बोंडू वेचणे, जत्रेत दशावतार पाहत रात्र जागवणे, हे सारे आम्ही बरोबरीने केले. तथापि दुपार झाली की तो बाल्कांवाच्या पायऱ्या चढून आत जाई आणि मी मागील दारी थांबे. त्याची आजी मायाळू होती. मला केळीच्या पानावर वाढी. त्या अंतराचा आम्हां दोघांनाही उमज होता. मुले अशा गोष्टी न सांगता शिकतात. तो पोर्तुगीज शाळेत जाई आणि सायंकाळी घरी पंतोजींकडे मराठी शिके. बाराखडी मला त्याच्याकडून मिळाली, खळ्यातल्या शेणसारवणावर कोळशाने काढलेली. खेळलो कोंकणीतून, अक्षरे गिरवली मराठीची. पुढे भाषेचे वाद पेटले तेव्हा या साध्या वस्तुस्थितीचा पुष्कळांना विसर पडला.

१८ डिसेंबरला बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला. बांबोळीच्या नभोवाणी केंद्रावर भारतीय विमानांनी बॉम्ब टाकले. आम्ही दहा वर्षांची मुले. शाळा बंद राहणार याचाच आनंद अधिक.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत जमीनदार वर्गाचा मोठा भाग काँग्रेसच्या बाजूस होता, आणि त्या पक्षाला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बहुजन समाज महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे उभा राहिला. कुळांच्या या पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, ही इतिहासाची गंमत म्हणावी. त्यांच्या राजवटीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. सवंगडी आणि मी त्यांतल्याच एका शाळेत प्रथमच एका बाकावर बसलो. १९६४ साली कुळकायदा आला आणि भाटकारांच्या घरांत धास्ती शिरली.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आधीचे दिवस मला स्पष्ट आठवतात. विलीनीकरणास ‘फूल’, संघप्रदेशास ‘दोन पाने’. आमच्या घरी फूल, त्यांच्या घरी दोन पाने. त्याच सुमारास वडिलांपुढे एक कागद आला. तो होता पोर्तुगीजमध्ये. वडील निरक्षर, मी मराठी घडाघडा वाचीत असे, परंतु तो कागद मला मुका होता. गावात पोर्तुगीज वाचणारी घरे दोन-तीन, आणि ती सारी भाटकारांचीच. या भाषेची भिंत जमिनीच्या कुंपणाहून उंच होती, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी तळीवर सवंगडी मला म्हणाला, “तुज्या बापायक सांग, त्या कागदार आंगठो मारूं नाका.” घरातली प्रत त्याने वाचली होती. हा मनुष्य पगारी राखणदार असून मालक सांगेल तेव्हा घर सोडील, असा त्यातला आशय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या विरुद्ध असे बोलणे म्हणजे काय, हे त्या काळचे घर ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. वडिलांनी अंगठा दिला नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून दिला नाही, हे त्यांनी अखेरपर्यंत कोणास सांगितले नाही.

कौलात संघप्रदेशाची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. त्यांच्या घरी दिवे लागले, आमच्या वाड्यावर सुतक. पुढील जूनमध्ये सवंगड्यास शिक्षणासाठी मुंबईस पाठवले.

मुंडकारांना निष्कासनापासून संरक्षण देणारा, राहते घर विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा १९७५ चा. शशिकलाताई काकोडकर तेव्हा मुख्यमंत्री होत्या. पाठोपाठ १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना शेतजमिनीचे मालक मानले. आमचे घर कालांतराने वडिलांच्या नावे झाले. त्यांच्या हातून लिहून घेतलेला कागद कोणापाशी नव्हता, हे मामलेदारापुढे उपयोगी पडले. त्याच कायद्यांनी सवंगड्याच्या कुटुंबाची भातशेती गेली. वर्षाचा तांदूळ विकत घेण्याची वेळ त्या घरावर आली. हेही इतिहासात लिहिले गेले पाहिजे, आणि ते मुंडकाराच्या मुलाने लिहावे हे मला उचित वाटते.

कित्येक मुंडकारांचे अर्ज वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहिले. आपणांपैकी अनेकांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, पोर्तुगीज शिक्क्याचे असे कागद असतील. अंगठा उठलेले आणि न उठलेलेही. ते जाळू नका, वाळवीच्या हवाली करू नका. त्यांच्या प्रती विद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. पोर्तुगीज वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. सवंगडी मुंबईहून परतला आहे. वाचून देण्याचे काम त्याने पत्करले आहे.