खाडीपलीकडचं नागला

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नागलाच्या जंगलात जायचं ठरतंय. आपण घोडबंदर रोडवाले बाल्कनीतून येऊरचा डोंगर दाखवून फ्लॅटचा भाव वाढवतो. पण राष्ट्रीय उद्यानाचा उत्तरेकडचा तुकडा वसई खाडीपलीकडे आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

वाटेत घोडबंदर किल्ला बघूच. इथे अरबी घोडे उतरत म्हणून हे नाव, असं सांगतात. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी हा भाग १७३७ मध्ये घेतला, दोन वर्षांनी वसई पडली. हे निदान शाळेत शिकलो.

शाळेत नसलेला इतिहास 'आजोबा'चा. २००९ मध्ये विद्या अत्रेय यांच्या टीमने कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला हा बिबट्या. हायवे, रेल्वे ओलांडत जवळपास १२० किलोमीटर चालून पठ्ठ्या नागलापर्यंत आला! २०११ च्या डिसेंबरात गाडीच्या धडकेत गेला. २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तोही आपल्यापैकी फार कुणी पाहिला नाही.

आजही नागला आणि तुंगारेश्वरच्या मध्ये वसई-दिवा रेल्वे आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता आहे. तिथे जनावरांना पलीकडे जायला धड वाट करा, हे कुठल्या उमेदवाराच्या जाहीरनाम्यात वाचलंत? मी तरी नाही. पुढच्या वेळी मतं मागायला आले की विचारणार आहे.

जायचं सासूनवघरकडून. वनखात्याची परवानगी आधी काढावी लागेल, म्हणून यायचं असेल तर लवकर कळवा. स्पीकर आणणार असाल तर घरीच थांबा.